नकाशात हाळूर नाही

महादेवपुरा, बंगळूर
१२ जून २०२५

महांतेश,

तुझ्या फोनवर माझा नंबर लागत नाही, हे मला नऊ वर्षांपासून ठाऊक आहे. म्हणून कॉलेजच्या पत्त्यावर लिहितेय. पाकिटावरचं नाव बघून तू हे न उघडताच टाकलंस, तरी माझी तक्रार नाही.

आधी कामाचं सांगते. मादनगावच्या औद्योगिक वसाहतीचा दुसरा टप्पा निघाला आहे. काल नोटीस लागली. त्यात पुष्करणी आहे, जुन्या तळ्याचा बांध आहे आणि बांधाखालचं सगळं रान आहे. हरकती तीस दिवसांत द्यायच्या, आणि २० ऑगस्टला गावच्या शाळेत सुनावणी. तुला कळलं असेलच. तरी कळवावंसं वाटलं. वर्षातून दोन-तीनदा मी त्या वसाहतीची वेबसाइट उघडून बघते. का, ते विचारू नकोस.

माझं बरं चाललंय. विलास हल्ली घरूनच काम करतो, मुग्धा शिकायला दिल्लीला असते. इलेक्ट्रॉनिक सिटीतली ती सर्व्हेची कंपनी मी सोडली. आता इथे शाळेच्या मुलांसाठी नकाशे करते. सध्याचं काम ऐकलंस तर हसशील. जगभरातली ओस पडलेली मध्ययुगीन शहरं! चाळीस शहरं, प्रत्येकाचा एक नकाशा आणि खाली दोन ओळी: लोक इथून का गेले.

धारवाडला एम.ए.ला असताना तू अशीच यादी करायचास. आनी, सिराफ, अंगकोर, विजयनगर, आणि सगळ्यात शेवटी तुझ्या गावाबाहेरचं हाळूर. कानडीत उजाड गावाला हाळूर म्हणतात हे मला, सोलापूरच्या पोरीला, तेव्हा तूच सांगितलंस. वर्गात सगळे हसले होते. अंगकोरच्या रांगेत मादनगाव! तू म्हणालास, "तिथेपण बाया भाकरी भाजतच होत्या की. मग शहर का नाही?"

२०१६ साली जे झालं त्याबद्दल एवढंच सांगते, की माझ्या हातात फारसं काही नव्हतं. अहवाल वरून बदलले जातात. तेव्हाही मी तुला हेच सांगितलं होतं.

स्मिता

*

महादेवपुरा
३ जुलै २०२५

महांतेश,

परवा अनोळखी नंबरावरून मेसेज आला. "पत्र पोचलं अक्का. त्यांनी वाचलं. उत्तर देणार नाही म्हणाले. मी धनलक्ष्मी." तुझी बायको मला आठवते ती तुमच्या लग्नातलीच, हिरव्या साडीत. तिला माझा नंबर कुठून मिळाला, कोण जाणे. तू वाचलंस एवढं मला पुरे आहे.

या आठवड्यात आनीचा नकाशा केला. दरीच्या कड्यावर वसलेली आर्मेनियन राजांची राजधानी, आता तुर्कस्तानच्या सीमेवर. मंगोल आले, मग भूकंप झाला, हळूहळू व्यापाराची वाटच दुसरीकडे वळली. एकदम कुणीच गेलं नाही. आधी सोनार गेले असतील, मग सराफ, मग ज्यांना कुठेच जाता येत नव्हतं ते राहिले. शेवटी चर्चमध्ये मेंढ्या बांधायला लागले. दोन ओळींत हे कसं बसवायचं? आमच्याकडे आसावरी म्हणून पुण्याची एक मुलगी आहे, मजकूर तीच लिहिते. ती म्हणाली, "मॅडम, 'ट्रेड रूट बदलला' एवढंच लिहूया, मुलांना तेवढंच लागतं."

मला तुझा २०१६च्या जानेवारीतला फोन आठवला. अंगकोरच्या जंगलावरून हेलिकॉप्टरमधून लेझर सोडून झाडांखालचे रस्ते कसे शोधले, त्याबद्दल तू कुठेतरी वाचलं होतंस. "वरून दिसतं म्हणे, स्मिता! शहरच्या शहर! तुमच्याकडे ड्रोन आहेत ना?" मी म्हटलं होतं, ड्रोन कंपनीचे आहेत, कुणाच्या हौसेसाठी उडत नाहीत. तू कानडीत "सरी, सरी," म्हणजे बरं बरं, म्हणालास आणि फोन ठेवलास.

दोन महिन्यांनी वसाहतीच्या जमिनीचं मोजणीचं काम आमच्याच कंपनीकडे आलं, हा योगायोग होता. मी मागून घेतलेलं नव्हतं. आल्यावर मात्र मी स्वतः जायचा हट्ट धरला.

आज तुला एक खरं सांगते. मी मागाहून म्हटलं होतं, नीट तपासल्यावर फोटोत स्पष्ट काही नव्हतं. ते खोटं होतं.

एप्रिल होता. तुरी निघाल्या होत्या, जमीन उघडी पडली होती. सकाळी सातला ड्रोन उडवला, कारण तेव्हा सावल्या लांब असतात. दुपारी तुमच्याच घरी, तुझ्या आईने, भागुबाई मावशींनी, भाकरी आणि शेंगाचटणी वाढली असताना, मी लॅपटॉपवर फोटो जोडत होते. आणि ते वर आलं. तळ्याच्या बांधापासून देवळाच्या जोत्यापर्यंत सरळ जाणारी बाजारपेठ. तिला फुटलेल्या गल्ल्या. घरांचे चौकोन, एकाला एक लागून, काही मोठे, काही अगदी एका खोलीचे. पश्चिमेला गोल गोल डाग, मण्यांच्या भट्ट्यांचे असणार. तू कॉलेजच्या दिवसांपासून ज्या रानातून फिरून खापरं गोळा करत होतास, ते रान नव्हतंच. ते शहर होतं. आठशे वर्षांपूर्वी तळं फुटलं आणि लोक पाण्यामागे निघून गेले, असं मावशी सांगायच्या. ते फुटलेलं तोंडसुद्धा फोटोत दिसत होतं.

तू कॉलेजात शिकवत होतास. मी अंगणात येऊन तुला फोन लावला आणि म्हटलं, "दिसलं." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

त्यानंतर आपण काय बोललो ते आपल्या दोघांना माहीत आहे. ते लिहायला आज माझा हात उचलत नाही.

स्मिता

*

महादेवपुरा
२४ जुलै २०२५

महांतेश,

आज लिहिते.

कामावर एक गोष्ट घडली. आफ्रिकेतल्या ग्रेट झिम्बाब्वेचा नकाशा चालू होता. चुन्याशिवाय, नुसते दगडावर दगड रचून बांधलेल्या त्या प्रचंड भिंती. तिथल्याच लोकांनी त्या बांधल्या, पण गोऱ्या सत्ताधाऱ्यांना ते पटवून घ्यायचं नव्हतं. कितीतरी वर्षं लिहिलं गेलं की हे काम बाहेरून आलेल्या कुणाचं तरी असणार. ज्या अभ्यासकांनी खरं सांगितलं त्यांच्यावर पुढे दबाव आला. हे वाचून आसावरी खुर्ची फिरवून माझ्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, सीरियसली, डोळ्यांनी एक दिसतंय आणि हाताने दुसरं लिहायचं. असं करणाऱ्या माणसाला घरी जाऊन जेवण कसं जायचं?"

मी म्हटलं, "व्यवस्थित जायचं."

ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

तर ऐक. त्या दिवशी फोनवर तू म्हणालास, "मी उद्याच हरकत दाखल करतो. तीस दिवसांची मुदत आहे." आणि मी म्हणाले, "स्वल्प थांब. तू काही करू नकोस. बाहेरून हरकत आली की ऑफिसातले लोक अडून बसतात. मी नकाशातच दाखवते, अहवालातच लिहिते. मग कुणालाच हात लावता येणार नाही." तू विचारलंस, "नक्की?" मी म्हटलं, "माझ्यावर सोड." तू सोडलंस. तीस दिवस गेले.

अहवालात एक रकाना असतो. जमिनीवर जुन्या वास्तूंचे काही अवशेष आहेत काय. आमचे नागनाथ सर माझ्या टेबलाशी आले. त्यांनी मला धमकावलं नाही, महांतेश. हे तुला मी कधीच सांगितलं नाही. ते फोटो बघत म्हणाले, "संरक्षित यादीत आहे का हे?" मी म्हटलं, नाही. "मग हे काय आहे ते तूच ठरव. तू शिकलीयेस त्यातलं." आणि चहाला निघून गेले. जाताना एवढंच म्हणाले की पुढच्या तीन वसाहतींची कामं याच लोकांकडून येणार आहेत आणि कंपनीला त्या कामांवर कुणीतरी प्रमुख नेमायचा आहे.

मी लिहिलं: "अवशेष नाहीत. शेताचे जुने दगडी बांध."

वरून कुणी काही बदललं नाही. ती ओळ माझी आहे, खालची सही माझी आहे.

बढतीसाठी केलं म्हणावं तर तेही अर्धंच खरं. ती मला तशीही मिळाली असती. दुसरं कारण जास्त वाईट आहे. आपण दोघं एकाच बाकावर शिकलो. मी ते सोडून नोकरीत आले, फ्लॅट घेतला, आणि वर्षातून एकदा तुझा फोन यायचा. अमुक मणी सापडला, तमुक शिलालेखाची ओळ लागली. पगार वेळेवर होत नव्हता आणि तुझ्या आवाजात केवढा आनंद असायचा. मला तो सहन होत नव्हता. त्या दिवशी रकान्यापुढे बसल्यावर मला वाटलं, याचं सगळं शहर आता माझ्या एका ओळीवर आहे. ते वाटणं मला आवडलं. क्षणभरच. पण ओळ लिहायला क्षणच लागतो.

डिसेंबरात जेसीबी आले. तू धावाधाव करून त्या अहवालाची झेरॉक्स मिळवलीस आणि रात्रभर बसने प्रवास करून इलेक्ट्रॉनिक सिटीत आमच्या ऑफिसात आलास. रिसेप्शनच्या काचेच्या टेबलावर तू तो कागद ठेवलास आणि माझ्या सहीवर बोट ठेवलंस. ओरडला नाहीस. विचारलंस, "हे तू लिहिलंस?" आणि मी म्हटलं, "मला माहीत नाही रे. वरून बदललं असेल." रिसेप्शनवरची मुलगी आपल्याकडे बघत होती, म्हणून मी हळू आवाजात बोलले. तू कागद घडी करून खिशात ठेवलास. पाणीसुद्धा न पिता गेलास.

भागुबाई मावशी गेल्याचं मला दोन वर्षांनी, तिसऱ्याच कुणाकडून कळलं. त्यांचं रानही पहिल्याच टप्प्यात गेलं होतं, नाही का?

स्मिता

*

महादेवपुरा
९ ऑगस्ट २०२५

महांतेश,

धनलक्ष्मीला मीच फोन केला. तिच्यावर रागावू नकोस. तिने थोडक्यात सांगितलं. तू या वेळी मुदतीत हरकत दिलीस. पण पुरावा मागतात, आणि तुझ्याकडे खापरं, मणी आणि विद्यार्थ्यांनी काढलेली रेखाटनं. समोरचे लोक माझाच जुना अहवाल काढून दाखवतात. पहिल्या टप्प्यात अवशेष नव्हते, मग त्याला लागून असलेल्या जमिनीत कुठून येणार? म्हणजे माझी ती ओळ अजून काम करतेय. मला वाटलं होतं ती एकदाच लागली.

ते ड्रोनचे मूळ फोटो माझ्याकडे आहेत. कंपनी सोडताना मी हार्डडिस्कवर उतरवून घेतले. परवानगी घेतली नव्हती. तेव्हापासून ती डिस्क मुग्धाच्या जुन्या वह्यांच्या खोक्यात होती. परवा जोडून बघितली. सगळं जसंच्या तसं आहे. बांध, पुष्करणी, त्यातून निघालेला पाण्याचा चर आणि सगळी पेठ.

मी ते घेऊन सुनावणीला येतेय.

विलासला काल सांगितलं. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो म्हणाला, "तू महांतेशचं नाव घेणं का बंद केलंस, मला वाटायचं तुमचं काहीतरी वेगळंच बिनसलं." मग म्हणाला, "जा. पण वकिलाला विचारून जा." वकिलाने सांगितलं की खोटा अहवाल दिल्याचं मी स्वतः कबूल केलं तर पुढे काय होईल ते सांगता येत नाही. आमचा संचालक राजस, वयाने माझ्याहून पंधरा वर्षं लहान, नीट बोलतो. त्याने आत बोलावून विचारलं, "मॅम, हे पर्सनल आहे ना? आपल्या अ‍ॅटलासशी याचा काही संबंध यायला नको. नकाशांच्या कंपनीत कुणी म्हणायला नको की यांच्या हेडने नकाशा फिरवला होता." त्याचं चूक नाही. त्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

शेवटचं शहर अमेरिकेतलं होतं, काहोकिया. मातीच्या शंभराहून जास्त टेकड्या रचून वसवलेलं. नदीपलीकडे त्याच लोकांची एक भली मोठी टेकडी होती. दीडशे वर्षांपूर्वी ती खणून तिची माती रेल्वेच्या भरावाला नेली. खणत असताना कुणीतरी दिवसेंदिवस उभं राहून तिचे फोटो काढत होता. टेकडी वाचली नाही, फोटो राहिले. आसावरी म्हणाली, "निदान तेवढं तरी." मला तसं म्हणायचा हक्क नाही. त्या माणसाने फोटो लपवले नव्हते.

तुला नको असेल तर धनलक्ष्मीकरवी कळव. तरी मी येईनच. पण लांब बसेन.

स्मिता

*

महादेवपुरा
२४ ऑगस्ट २०२५

महांतेश,

तू तिथेच होतास, तरी लिहितेय. कारण त्या दिवशी मला तुझ्याशी बोलता आलं नाही आणि आता पुन्हा बोलणं होईल असं वाटत नाही.

गुलबर्ग्याहून बसने मादनगावला उतरले, तर फाट्यावरून काही ओळखता येईना. जिथे पेठेचा रस्ता तळ्याच्या बांधापासून वर यायचा तिथे आता निळ्या पत्र्याची गोदामं. शाळेच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या. तू तिसऱ्या रांगेत होतास. केस सगळे पांढरे झालेत तुझे. मी भिंतीकडेला बसले. तू मान वळवली नाहीस.

माझं नाव पुकारल्यावर अधिकाऱ्यांनी कानडीत विचारलं, कुणाच्या बाजूने बोलणार? माझं कानडी अजून भाजीवाल्यापुरतंच आहे. मी म्हटलं, मराठीत बोलू का? ते म्हणाले, "बोला, इथे सगळ्यांना येतं." मग मी सांगितलं. हा २०१६चा अहवाल मी लिहिला. यातली ही ओळ खोटी आहे आणि ती खोटी आहे हे मला लिहितानाच माहीत होतं. हे त्या दिवशीचे फोटो. पडद्यावर फोटो लावले तेव्हा मागे बसलेल्या बाया उठून पुढे आल्या. एकीने आपलं रान ओळखलं. गोदामाखाली गेलेलं.

तेव्हा पागोटेवाले म्हातारे उभे राहिले. येसाजी त्यांचं नाव, पुढे आलेल्या बायांपैकी एकीने सांगितलं. ते म्हणाले, "बाई, आमच्या गावात जेवलात तुम्ही. मला आठवतं. भागुबाईच्या अंगणात मशीन घेऊन बसला होतात. मग तेव्हा का नाही बोललात? भ्यालात का?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं. सगळ्यांनी मान डोलावली असती. मी म्हटलं, "नाही काका. मला कुणी भीती घातली नव्हती."

ते पागोटं सावरून खाली बसले. त्यांनी काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

निकाल तुला माहीतच आहे. पुष्करणी, बांध आणि त्याखालची तीसेक एकर जमीन पुरातत्त्ववाल्यांची पाहणी होईपर्यंत बाजूला ठेवली. अहवालाबद्दल चौकशी होईल, मला नोटीस येईल. शुक्रवारी राजसने बोलावून सांगितलं की अ‍ॅटलासवर माझं नाव जाणार नाही आणि महिनाअखेरीस मी मोकळं व्हावं. मी कबूल केलं. आसावरीने डबा खायला माझ्या टेबलाशी येणं बंद केलं आहे. तिला जेवण जात नसावं.

पण मला लिहायचं होतं ते त्यानंतरचं.

लोक पांगले. मी लॅपटॉप आवरत होते आणि तू समोर येऊन उभा राहिलास. मला वाटलं, आता बोलेल. शिव्या देईल, आईचं नाव काढेल. मी तयार होते. वाटेत सगळी उत्तरं घोकली होती. तू खिशातून लहान वही काढलीस, पेनाचं टोपण काढलंस आणि विचारलंस,

"पेठेचा रस्ता किती रुंद होता?"

मला आधी कळेचना. मग मी फोटो पुन्हा उघडला, दोन्ही कडा धरल्या आणि मोजून सांगितलं, "अकरा मीटर चाळीस."

"ओटे धरून?"

"ओटे सोडून. ओटे धरून चौदाच्या वर."

"आणि लांबी?"

"देवळापर्यंत सहाशे दहा."

तू लिहून घेतलंस. आकड्यांखाली रेघ ओढलीस. गोदामांच्या पत्र्याकडे बघत म्हणालास, "म्हणजे दोन गाड्या समोरासमोर सहज जायच्या." ते माझ्याशी नव्हतं. मग माझ्याकडे न बघता म्हणालास, "बस साडेचारला आहे. नंतर थेट सातला." आणि शाळेच्या फाटकातून निघून गेलास.

महांतेश, पंचवीस वर्षं तू त्या रस्त्यावरून चाललास. जमिनीखाली होता म्हणून त्याच्या कडा तुला कधी दिसल्या नाहीत, आणि खणायची परवानगी तुला कुणी दिली नाही. त्याची रुंदी या जगात फक्त मला माहीत होती. नऊ वर्षं. आणि ती मागायला तुला माझ्यासमोर येऊन उभं राहावं लागलं.

सगळे फोटो आणि मापं वेगळ्या डिस्कवर घालून सोबत पाठवतेय. प्रत्येक गल्लीची, प्रत्येक घराची. पुन्हा काही विचारावं लागू नये.

स्मिता